३७ लिटरच्या टाकीत ४०.६ लिटर पेट्रोल : पंपाने फसवलं का, आणि नोटिशीला काय उत्तर द्यायचं?

प्रश्न : माझी छोटी पेट्रोल कार आहे. माहितीपुस्तिकेत टाकीची क्षमता ३७ लिटर दिली आहे. गेल्या महिन्यात नागपूरहून समृद्धी महामार्गाने येताना पेट्रोल अगदी तळाला गेलं, डिस्प्लेवर शिल्लक अंतर शून्य दिसत होतं. खाली उतरून पहिल्या पंपावर टाकी फुल केली, तर बिल आलं ४०.६ लिटरचं. जाब विचारला तर कर्मचाऱ्यांनी उडवून लावलं. त्या रात्री मी बिलाचा आणि पुस्तिकेच्या पानाचा फोटो, पंपाचं नाव आणि ‘हे दरोडेखोर आहेत, सरळ साडेतीन लिटर चोरले’ असा मजकूर फेसबुकवर आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पोस्ट खूप फिरली. आता पंपमालकाच्या वकिलाची नोटीस आली आहे : १५ दिवसांत जाहीर माफी आणि १० लाख भरपाई, नाहीतर अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला. ग्रुपचे ॲडमिन असलेले आमचे चेअरमनही घाबरले आहेत. बिल हा पुरेसा पुरावा नाही का? माफी मागावी का? आणि चुकीचा आकडा छापणाऱ्या कार कंपनीवर दावा करता येईल का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही, तरी तेच आधी सांगतो. या बिलावरून पंपाने पेट्रोल कमी दिलं हे सिद्ध होत नाही. तुमचा संशय खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो तपासून घ्यायची जागा पंपावरच होती आणि तिथे तो तपासला गेला नाही. पुढचा सगळा पेच इथूनच सुरू होतो.

पुस्तिकेतला ३७ हा आकडा टाकीत जास्तीत जास्त किती मावेल ते सांगत नाही. नोझल आपोआप बंद पडतं, म्हणजे ज्याला पंपावर ‘ऑटो कट’ म्हणतात, तिथपर्यंतचा तो ठोकळ आकडा असतो. त्याच्या वर टाकीत मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली असते, कारण पेट्रोलची वाफ होते आणि तापलं की ते फुगतं. दर अंशाला साधारण हजारात एक भाग, या हिशेबाने जमिनीखालच्या टाकीतून आलेलं ४० लिटर पेट्रोल उन्हात १५ अंशांनी तापलं तर अर्ध्या लिटरहून जास्त फुगेल. ही जागा आणि भरण्याच्या तोंडापासून टाकीपर्यंतची नळी धरली, तर प्रत्यक्षात मावणारं पेट्रोल छापील आकड्यापेक्षा १० टक्के किंवा त्याहूनही जास्त असू शकतं. तुमच्या बाबतीत फरक ३.६ लिटरचा, म्हणजे १० टक्क्यांच्या आतबाहेर आहे.

आता आठवून पाहा : ऑटो कट पडल्यावर कर्मचाऱ्याने ‘राउंड फिगर करतो’ म्हणत पुन्हा दोनतीनदा नोझल दाबलं होतं का? बहुतेक पंपांवर हे चालतं आणि त्या मोकळ्या जागेतच ते पेट्रोल जातं. (ही सवय गाडीलाही वाईट आहे. पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात द्रव पेट्रोल शिरलं की तो खराब होतो.) तुम्ही स्वतः ‘अजून बसेल तेवढं भरा’ म्हणाला असाल, तर तेही तुमच्या वकिलाला आधीच सांगा. सीसीटीव्हीत ते असेल, तर कोर्टात ते पहिल्यांदा ऐकण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

एक मुद्दा मात्र तुमच्या बाजूचा आहे. गाडी स्वतःच्या इंजिनावर पंपापर्यंत आली, म्हणजे डिस्प्ले शून्य दाखवत असला तरी टाकीत काही पेट्रोल होतंच. तो शून्य म्हणजे ‘आता भराच’ एवढीच सूचना असते. याचा अर्थ पंप प्रामाणिक असेल, तर तुमच्या टाकीत ४०.६ लिटरहून बरंच जास्त मावायला हवं. तसं ते मावतं का, हे शोधता येतं. कार कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेलने दोनच गोष्टी विचारा : ऑटो कटपर्यंत किती आणि तोंडापर्यंत भरली तर किती. तोंडी उत्तर घेऊ नका. लेखी उत्तर ४२ किंवा ४३ लिटरचं आलं, तर तुमच्या आरोपाचा पायाच निघून जातो. ते पंपमालकाच्या वकिलाच्या हाती पडण्याआधी तुम्हाला माहीत असलेलं बरं.

आता कायद्याचं मूळ. वैधमापन अधिनियम, २००९ (वजन-मापांचा कायदा) नुसार व्यापारात वापरायचं माप पडताळलेलं आणि मुद्रांकित, म्हणजे सरकारी शिक्का मारलेलं, असावं लागतं. पंपाचं यंत्र दर १२ महिन्यांनी पडताळलं जातं. तुमच्या गाडीची टाकी कोणी पडताळलेली नाही, त्यामुळे कायद्याच्या लेखी ते माप नाही. एका बाजूला मुद्रांकित यंत्राचा आकडा आणि दुसऱ्या बाजूला पुस्तिकेतला ठोकळ आकडा असेल, तर कोर्ट पहिल्यावर विश्वास ठेवणार.

त्या यंत्रावर शंका असेल, तर तिचं निरसन करण्यासाठी प्रत्येक पंपावर पाच लिटरचं मुद्रांकित माप ठेवलेलं असतं. ग्राहकाने मागितलं की त्यात पेट्रोल भरून दाखवणं पंपावर बंधनकारक आहे आणि त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. पाच लिटरमागे २५ मिलीलिटरपर्यंतची तफावत चालते, म्हणजे अर्धा टक्का. तुमच्या ४०.६ लिटरवर ती जेमतेम २०० मिलीलिटर होते. तुम्ही म्हणता त्याप्रमाणे ३.६ लिटर खरंच कमी आले असते, तर पाच लिटरच्या मापात जवळजवळ साडेचारशे मिलीलिटरची घट दिसली असती. एवढी घट लहान मुलाच्याही नजरेतून सुटली नसती. तुमच्या पत्रात हे माप मागितल्याचा उल्लेख नाही. मागितलं असेल आणि त्यांनी नकार दिला असेल, तर तो नकार तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. कधी, कोणाकडे मागितलं आणि सोबत कोण होतं, हे आजच लिहून काढा.

पंपांवर फसवणूक होतच नाही असं समजण्याचं कारण नाही. २०१७ मध्ये आधी उत्तर प्रदेशात आणि नंतर ठाणे पोलिसांच्या कारवाईत महाराष्ट्रातही यंत्रात चिप बसवून माप मारणारे पंप सापडले होते. पण ती चोरी उघड झाली यंत्रं उघडून आणि मापं घेऊन. ग्राहकांच्या टाक्यांच्या आकड्यावरून कोणी पकडलं गेलं नाही.

नोटिशीकडे येतो, कारण तिथे दिवस मोजके आहेत. अब्रुनुकसानी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. हे वाचून झोप उडवून घेऊ नका. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, पोलीस दारात येऊन उचलून नेणार नाहीत. पंपमालकाला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार करावी लागेल आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागेल. १० लाखांचं म्हणाल, तर नोटिशीत रक्कम लिहायला काही खर्च नसतो. दिवाणी दावा लावला तर त्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते आणि नुकसान दाखवावं लागतं. असा दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात लावावा लागतो.

तरीही तुमची बाजू आज भक्कम आहे असं मी म्हणणार नाही. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य हा या कलमाचा पहिला अपवाद. त्यासाठी चोरी झाली हे तुम्हाला दाखवावं लागेल, आणि त्याची अडचण वर आलीच आहे. दुसरा आधार नवव्या अपवादाचा : स्वतःच्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान. अनेक ग्राहक इथे अडखळतात. ‘माझा हेतू चांगला होता’ एवढ्याने सद्भावना ठरत नाही. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असं म्हणता येत नाही, असं न्याय संहितेची व्याख्याच सांगते. माप मागणं, कंपनीला विचारणं, ही ती काळजी. तुम्ही लिहिलं असतं की ‘३७ लिटरच्या टाकीत ४०.६ लिटर कसं बसलं, पंपाने खुलासा करावा’, तर मी तुम्हाला निर्धास्त राहायला सांगितलं असतं. ‘दरोडेखोर’ आणि ‘चोरले’ या शब्दांनी प्रश्नाचा आरोप झाला.

म्हणून माझा सल्ला असा. पोस्टचे, त्याखालच्या प्रतिक्रियांचे आणि तारीख-वेळेचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, मूळ फोटो ज्या फोनमध्ये आहेत तो फोन बदलू नका, आणि मग पोस्ट जिथून काढता येते तिथून काढून टाका. नोटिशीला उत्तर द्या. ते देण्याची कायद्याने सक्ती नाही, पण गप्प राहिलात तर ‘काही म्हणणंच नव्हतं’ असा अर्थ पुढे काढला जातो. उत्तर स्थानिक वकिलाकडून जावं, त्यात भरपाईची मागणी स्पष्टपणे नाकारावी, गुन्हा केल्याची कबुली नसावी आणि खुलासा मात्र मनापासून असावा. जिथे पोस्ट होती तिथेच टाकायचा मजकूर साधारण असा असू शकेल :

‘अमुक तारखेला मी अमुक पंपाबद्दल लिहिलं होतं. ते माझ्या गाडीच्या पुस्तिकेतील क्षमतेच्या आकड्यावर आधारलेलं होतं. टाकीत प्रत्यक्षात त्याहून जास्त पेट्रोल मावू शकतं, हे मला नंतर समजलं. मापाची खातरजमा न करता वापरलेले ‘दरोडेखोर’ आणि ‘चोरले’ हे शब्द मी मागे घेतो आणि त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. मापाविषयीची माझी शंका मी योग्य खात्याकडे दिली आहे.’

शब्द मागे घेणं आणि फसवणूक नव्हतीच असं प्रमाणपत्र देणं यात फरक आहे. नोटिशीसोबत माफीचा तयार मसुदा आला असेल आणि त्यात ‘पंपाचं माप अचूक आहे याची मला खात्री पटली’ असं वाक्य असेल, तर त्यावर सही करू नका. तशी खात्री तुम्हाला पटलेली नाही. हा गुन्हा आपसांत मिटवता येतो, त्यामुळे अशा खुलाशानंतर पंपमालक प्रकरण पुढे नेणार नाही अशी शक्यता बरीच आहे.

खुलाशातलं शेवटचं वाक्य खरं ठरावं म्हणून तक्रार आधी करा, खुलासा नंतर टाका. तक्रार तो पंप ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या वैधमापन शास्त्र कार्यालयाकडे लेखी द्या, पोच घ्या, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावरही नोंदवा. योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार अब्रुनुकसानीच्या आठव्या अपवादात बसते, त्यामुळे नोटीस आली म्हणून तक्रार करायला कचरू नका. तक्रारीत बिलावरचा नोझल क्रमांक आणि वेळ लिहा, पुस्तिकेतल्या आकड्यावर भर देऊ नका, आणि यंत्राची अचानक तपासणी, मुद्रांकन प्रमाणपत्र व त्या दिवसाच्या विक्रीची नोंद पाहण्याची विनंती करा. निरीक्षकाला यंत्राचं सील आणि आतला भाग तपासता येतो, जे तुम्हाला किंवा मला शक्य नाही. त्या वेळेचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा, असं पंपालाही स्पीड पोस्टने कळवा. ते काही दिवसांनी पुसलं जातं आणि तुमचा महिना आधीच गेला आहे, म्हणून हे पत्र आजच टाका.

चेअरमनना सांगा की एवढ्यावरून त्यांना धोका नाही. ग्रुपमधल्या दुसऱ्या सदस्याच्या मजकुरासाठी, त्याच्याशी संगनमत नसेल तर, केवळ ॲडमिन म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. त्यांनी तुमची पोस्ट स्वतः आणखी कुठे पाठवली असेल तर मात्र ती वेगळी गोष्ट आहे. त्यांनी ती लगेच काढावी.

ग्राहक आयोगात जायचं झालं तर दोन वर्षांची मुदत आहे, संभाजीनगरमध्येच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण सेवेतली त्रुटी दाखवण्याचा भार तक्रारदारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे, आणि तुमचं पेट्रोल जळून गेलेलं आहे. निरीक्षकाचा अहवाल यंत्राविरुद्ध आला तरच या वाटेने जा. कार कंपनीविरुद्ध मला दावा दिसत नाही. छापील आकड्यापेक्षा टाकीत जास्त मावतं यात तुमचं नुकसान काय झालं, या प्रश्नाला उत्तर नाही. कंपनीने टाकी मोठी सांगून लहान दिली असती, तर गोष्ट वेगळी होती.

एक विनंती. टाकीत किती मावतं हे सिद्ध करायला पुन्हा गाडी कोरडी होईपर्यंत चालवू नका. टाकीतला पंप त्याच पेट्रोलने थंड राहतो, तो कोरडा चालून जळाला तर वॉरंटी नाकारायला कंपनीला कारण मिळेल. शिवाय समृद्धीवर गाडी लेनमध्ये बंद पडली तर मागून भरधाव येणाऱ्या गाडीखाली जीव जाऊ शकतो. मोजमाप हवंच असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये टाकी रिकामी करून, मुद्रांकित मापाने भरून घ्या आणि त्यांच्या लेटरहेडवर आकडा मागा.