२५ च्या टाइमलाइनवर मोबाइलची ३० ची क्लिप झटके का देते?

तुम्ही लिहिलंय की बहिणीच्या हळदीचं शूटिंग कॅमेऱ्यावर सेकंदाला २५ फ्रेमने आणि मोबाइलवर ३० फ्रेमने झालं, दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन २५ ची आहे, मोबाइलच्या क्लिप अडखळतात आणि जो तो रॅम वाढवायला सांगतोय. पैसे घालवण्याआधी अडखळणारा छोटा तुकडा एक्स्पोर्ट करून बघा. तो सुरळीत चालला तर कॉम्प्युटरला लोड झेपत नाहीये, प्रॉक्सी (एडिटपुरत्या हलक्या कॉपी) बनवल्या की भागेल. एक्स्पोर्टमध्येही झटके तसेच असतील तर रॅमचा काही संबंध नाही.

तुमच्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते. खात्री करायची तर मोबाइलचा एखादा पॅनचा (कॅमेरा आडवा फिरवत घेतलेला) शॉट टाइमलाइनवर घ्या आणि उजव्या बाणाचं बटण दाबत एकेक फ्रेम पुढे जा. मांडवाचा खांब सारख्या अंतराने सरकत जाईल आणि मध्येच दुप्पट उडी मारेल. ३० फ्रेम २५ मध्ये बसवायच्या तर दर सहांतली एक गाळावी लागते, म्हणजे सेकंदाला अशा पाच उड्या. बसून बोलणाऱ्या माणसाच्या शॉटमध्ये हे कळतही नाही, पॅनमध्ये मात्र डोळ्यांत खुपतं. ५० ची क्लिप असती तर एकाआड एक फ्रेम घेऊन काम झालं असतं. ६० ची २५ मध्ये अशी सरळ बसत नाही.

दुरुस्ती शॉट बघून ठरवा. फुलांची सजावट, ताटं, मांडव अशा आवाज नको असलेल्या शॉट्सना मीडिया पूलमध्ये (आणलेल्या क्लिपच्या यादीत) क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये जाऊन फ्रेम रेट २५ द्या. क्लिप थोडी संथ होते, पण एकही फ्रेम गळत नाही, आणि हळदीच्या व्हिडिओत ही संथ गती उलट छान दिसते. आवाज हवा असलेल्या क्लिपला रीटाइम प्रोसेसमध्ये ऑप्टिकल फ्लो लावा. तो मधल्या फ्रेम स्वतः तयार करतो, त्यामुळे हळद लावणारे हात आणि बांगड्या यांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात का, ते झूम करून तपासा. तसं झालं तर मी ऑप्टिकल फ्लो काढून झटका चालवून घेईन. वाकडी झालेली बोटं त्याहून वाईट दिसतात.

हे करण्याआधी मोबाइलच्या मूळ फाइल मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. फ्रेम रेट मोडसमोर ‘व्हेरिएबल’ असेल तर मोबाइलने फ्रेम रेट मध्येच कमीजास्त केलाय. उजेड कमी पडला की बरेच फोन असं करतात. लांब क्लिपमध्ये सुरुवातीला जुळणारे ओठ आणि आवाज पुढे फाकत जातात, तेही बहुतेक यामुळेच. अशा फाइल हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये व्हिडिओ टॅबवर ३० आणि ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून बदलून घ्या आणि त्याच एडिटला वापरा. मूळ फाइल पुसू नका.

लग्नाचं शूटिंग अजून बाकी असेल तर मोबाइलही २५ वरच ठेवा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू केलं की २५ चा पर्याय येतो. फोनच्या कॅमेऱ्यात २५ मिळतच नसेल तर ब्लॅकमॅजिकचं फुकट कॅमेरा ॲप तुमच्या फोनवर चालतं का बघा. त्यात शटर १/५० ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे हॉलमधल्या ट्यूबलाइट लुकलुकणार नाहीत.