ऑफिसला रोज जायला आणि छोट्या टूरला स्टीलची सायकल घ्यावी का? घेतली तर पारखावी कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सिंहगड रोडवरून बाणेरला रोज जायचं-यायचं, जोडून सुट्टी आली की सामान बांधून ताम्हिणीमार्गे कोकणात दोन-तीन दिवस फिरायचं, बजेट ४० हजारांच्या आसपास. स्टीलच्या फ्रेमबद्दल बरंच चांगलं ऐकलंय, आणि घरात वडिलांची जुनी ॲटलास पडून आहे, तीच दुरुस्त करून चालेल का, हेही विचारलंय.

आधी उत्तर सांगतो. क्रोमोली स्टीलची (ते काय ते खाली सांगतो), पुढे साधा ताठ, म्हणजे सस्पेन्शन नसलेला फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) असलेली, रुंद टायर बसणारी सायकल तुमच्या मापाची मिळाली तर तीच घ्या. बजेटमध्ये बसत नसेल, आणि नवी घेताना बहुधा बसणार नाही, तर स्टीलचा हट्ट सोडून ताठ फोर्कची ॲल्युमिनियमची हायब्रिड, म्हणजे रोड आणि माउंटन बाइकच्या मधली सायकल घ्या. साध्या हाय-टेन स्टीलची, पुढे स्वस्त सस्पेन्शन लावलेली सायकल मात्र केवळ 'स्टील' या नावासाठी घेऊ नका.

दुकानात 'स्टील फ्रेम' म्हणून जे दाखवतात त्यात दोन अगदी वेगळ्या वस्तू असतात. एक हाय-टेन्साइल, म्हणजे साधं कार्बन स्टील. दुसरं क्रोमोली, त्यावर बरेचदा ४१३० हा आकडा असतो. यात साधारण एक टक्का क्रोमियम आणि थोडं मॉलिब्डेनम असतं. दोन्हींचा ताठपणा जवळपास सारखाच, फरक आहे तो ताकदीत. क्रोमोली जास्त मजबूत, म्हणून तिची नळी पातळ ठेवता येते. चांगल्या फ्रेमची नळी टोकांना, जिथे जोड येतात तिथे, ०.८-०.९ मिमी जाड असते आणि मधल्या भागात ०.५-०.६ मिमी. अशा नळीला बटेड म्हणतात. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सनी तिचं पेटंट १८९७ मध्येच घेतलं होतं. १९३५ साली आलेली त्यांची ५३१ ही नळी मँगनीज-मॉलिब्डेनमची होती आणि इंग्लंडमधल्या उत्तम सायकली कित्येक दशकं तिच्याच बनत. आज रेनॉल्ड्स ५२० असा स्टिकर दिसला तर ती क्रोमोली समजा. हाय-टेनला तेवढी ताकद नसते, म्हणून नळी जाड घ्यावी लागते आणि फ्रेम जड होते. स्टीलची जी लवचीक, जिवंत चाल तुम्ही ऐकलीत ती पातळ नळीची आहे. जाड नळीच्या फ्रेममध्ये ती शोधून सापडणार नाही.

पारखायच्या दोन युक्त्या सांगतो. पहिली, स्टिकर नीट वाचा. काही सायकलींवर मोठ्या अक्षरांत क्रोमोली लिहिलेलं असतं आणि बारीक अक्षरांत कळतं की फक्त सीटची नळी क्रोमोलीची, बाकी सगळं हाय-टेन. दुसरी, सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, बाहेर काढून त्यावर कोरलेला व्यास बघा. सीट ट्यूबचा बाहेरचा व्यास नेहमीचा २८.६ मिमी असेल आणि सीटपोस्ट २७.२ मिमीचा असेल, तर नळी पातळ आहे, बहुधा चांगल्या स्टीलची. तोच २५.४ मिमीचा निघाला तर भिंत दीड मिमीच्या वर गेली, म्हणजे जड आणि स्वस्त नळी. वापरलेली सायकल बघायला जाताना मी व्हर्निअर (व्यास मोजायचं मापयंत्र) खिशात ठेवतो. विकणाऱ्याला स्वतःलाच ठाऊक नसतं की आपण काय विकतोय, त्यामुळे हे माप फार कामी येतं.

आता आरामाबद्दल. 'स्टील धक्के खातं' हे अर्धसत्य आहे. त्रिकोणी फ्रेम उभ्या दिशेने कुठल्याही धातूची असली तरी जवळजवळ दबतच नाही. दबतो तो टायर. २५ मिमी रुंदीचा टायर टणक भरून क्रोमोलीवर बसा आणि ३८ चा टायर कमी हवेने ॲल्युमिनियमवर लावून बसा. पुण्यातले स्पीडब्रेकर आणि खोदून बुजवलेले पट्टे कुठल्या सायकलवर कमी लागतात हे पहिल्याच चौकात समजेल. म्हणून फ्रेम बघताना धातूच्याही आधी मी जागा बघतो: किमान ३८ चा टायर, त्यावर मडगार्ड, आणि तरीही दोन्ही बाजूंना बोट नाही तरी पेन्सिल जाईल एवढी मोकळी जागा. ही जागा कमी असेल तर कोकणातला पावसाळी लाल चिखल मडगार्डमध्ये दाटतो आणि चाक जाम होतं. माझ्या वजनाला ३८ चा टायर ५०-६० पीएसआयला पुरतो, मागे थोडा जास्त, पुढे थोडा कमी.

स्टीलची खरी थोरवी दुसरीकडे आहे. एका मर्यादेच्या आतला ताण स्टील कितीही वेळा सोसतं. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, प्रत्येक हिसका थोडा थोडा जमा होत जातो, म्हणून त्याच्या फ्रेम मुळातच जाड आणि ताठ बनवतात. त्यामुळे ॲल्युमिनियमची चांगली फ्रेमही वर्षानुवर्षं टिकते, घाबरायचं कारण नाही. पण स्टीलला तडा गेला तरी तो बहुतेक वेळा हळू वाढतो, आधी रंगावर केसासारखी रेघ उठते, पॅडल मारताना कुरकुर येते. पुढच्या हेडच्या (हँडलखालच्या नळीच्या) मागे, बॉटम ब्रॅकेटजवळ (पॅडलचा आस बसतो तिथे) आणि चेनच्या बाजूच्या चेनस्टेवर (तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर) अधूनमधून फडकं फिरवून नजर टाकली तर ती वेळीच दिसते.

'गावोगावी वेल्डिंग होतं म्हणून स्टील' हे मात्र तपासून घ्या. रोडस्टरच्या, म्हणजे ॲटलाससारख्या साध्या सायकलीच्या जाड नळीला रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याने टाका मारला तर सायकल घरी पोचते. क्रोमोलीच्या अर्ध्या मिलिमीटरच्या भिंतीला साध्या आर्क वेल्डिंगने भोक पडतं. तिला पितळेची जोड देणारा, हात हलका असलेला गॅसवाला लागतो आणि तो प्रत्येक गावात नसतो. वेल्डिंगचा फायदा खरा मिळतो तो कॅरिअरला. सामान घेऊन फिरताना फ्रेमपेक्षा कॅरिअरचे पाय आणि बोल्ट कितीतरी अधिक वेळा तुटतात, आणि नळीचा स्टील कॅरिअर कुठल्याही तालुक्याच्या गावी अर्ध्या तासात जोडून मिळतो. तेव्हा फ्रेम कुठलीही घ्या, कॅरिअर स्टीलचाच घ्या.

कॅरिअरवरून आठवलं: मागच्या ड्रॉपआउटवर (चाकाचा आस बसतो त्या खाचेवर) आणि सीटस्टेवर (तिथून सीटकडे जाणाऱ्या नळीवर) बोल्टचे आटे असलेली भोकं आहेत का ते आधी बघा, ड्रॉपआउटला शक्यतो दोन, म्हणजे मडगार्ड आणि कॅरिअर दोन्ही बसतात. फोर्कलाही असली तर उत्तम. चेनस्टेची लांबी ४४० मिमीच्या पुढे असावी, नाहीतर पॅडलच्या प्रत्येक फेऱ्याला टाच बॅगेवर आपटते. रेसिंगच्या सायकलींची ही लांबी ४१० मिमीच्या आसपास असते. त्या कितीही सुंदर दिसल्या तरी दोन बॅगा लावून त्या चालवणं म्हणजे पायांना शिक्षा.

आणि गिअर. इथे मला थोडं लांबवर लिहायचंय, कारण टूरचा आनंद बऱ्याच अंशी गिअरवर ठरतो आणि दुकानात त्याबद्दल कोणी बोलत नाही. ताम्हिणीचा घाट जाताना उतरून जातो, परतताना तोच चढायचा असतो. पण कोकणातली खरी परीक्षा किनाऱ्याच्या रस्त्यावर आहे. खाडीपाशी उतरायचं, दिघी-आगरदांडा किंवा बागमांडला-वेसवीच्या जेट्टीवरून फेरीबोटीत सायकल चढवायची, पलीकडे उतरलं की जांभ्याच्या सड्यावर सरळ उभा चढ. पुढे दाभोळ-धोपावे आहे, त्याच्याही पुढे जयगडची खाडी, आणि तिथेही तेच. चढ लांब नसतात, पण तीव्र असतात, आणि दिवसातून पुन्हा पुन्हा येतात.

हिशोब सोपा आहे. पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दाते भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दाते, गुणिले चाकाचा व्यास इंचांत. रुंद टायरचं ७०० चं चाक साधारण २७ इंच धरा. पुढे ३४ आणि मागे २८ असेल तर उत्तर ३३ च्या जवळ येतं. पॅडलचे मिनिटाला ६० फेरे मारले तरी सायकल ताशी ९ किलोमीटरच्या वर पळते. सामानासकट तीव्र चढावर तेवढा वेग राखणं बहुतेकांच्या गुडघ्यांना झेपत नाही, फेरे मंदावतात आणि उतरून ढकलावं लागतं. पुढे ४८-३८-२८ दात्यांच्या तीन चकत्यांचं ट्रेकिंगचं क्रँक आणि मागे ३२ असेल तर हाच आकडा २४ च्या खाली येतो आणि त्याच फेऱ्यांना ताशी जवळपास ७ किलोमीटर वेग पडतो. दमत नाही, बसून चढता येतं. २५ किंवा त्याहून कमी, एवढं लक्षात ठेवून दुकानात जा. दाते मोजायला लाजू नका. 'सत्तावीस गिअर' या आकड्याने काहीच कळत नाही.

ब्रेकचं थोडक्यात: जून ते सप्टेंबर रोज चालवणार असाल तर केबलचे डिस्क ब्रेक घ्या. पावसात रिमवर वाळूमिश्रित पाणी घासलं जातं आणि व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे) रिमच खाऊन टाकतात. कोरड्या दिवसांत व्ही-ब्रेकही पुरेसे आहेत.

चाकाच्या मापाचा विचार टूरसाठी करावा लागतो. ७०० चे टायर पुण्यात हवे तेवढे मिळतात, माणगाव-गुहागरकडे मिळतीलच असं नाही. तिथे २६ इंची सहज मिळतो. पण '२६' म्हणून दोन वेगळी मापं आहेत. टायरच्या बाजूला ५५९ लिहिलेला असतो तो रुंद, माउंटन बाइकचा. ५९० लिहिलेला असतो तो लेडीज सायकलचा अरुंद, आणि एकाच्या रिमवर दुसरा बसत नाही. तुमच्यासाठी ७०० ठीक आहे, सोबत दोन ट्यूब ठेवा. शक्य असेल तर मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हची ट्यूब वापरा, म्हणजे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. मागच्या चाकाला ३६ आरे असावेत, निदान ३२.

वडिलांच्या ॲटलासबद्दल. ती जपा, आणि आता तर जास्तच जपा. कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. फ्रेम दणकट आहे, बसणं सरळ आहे, बाजारहाटाला तिच्यासारखी सायकल नाही. पण तुमच्या दोन्ही कामांना ती योग्य नाही. वजन २० किलोच्या घरात, गिअर एकच, आणि क्रोम केलेल्या स्टीलच्या रिमवर पावसात ब्रेक फार उशिरा लागतात. बाणेरच्या वाहतुकीत हे धोक्याचं आहे. ॲल्युमिनियमची रिम टाकावी म्हटलं तर तिचे सळईचे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला दाबतात, साध्या रिमवर ते चालत नाहीत. मागे गिअरचं चाक बसवायचं तर ड्रॉपआउटमधलं अंतर ११० मिमीच्या आसपास आणि हबला लागतं १३५. स्टील वाकवून ते रुंद करता येतं खरं, पण एवढं पसरवणं मी कुणालाही सुचवणार नाही. तिला नवे छर्रे, नवं ग्रीस, नवे टायर घाला, चाकांची आउट काढून घ्या, आणि घराजवळ चालवा.

गंजाची काळजी तुम्ही विचारली नाहीत, पण स्टील घेतलंत तर ती घ्यावीच लागेल. क्रोमोली म्हणजे स्टेनलेस नव्हे. गंज बाहेरून कमी आणि नळीच्या आतून जास्त लागतो, कारण पाणी सीटपोस्टच्या बाजूने आत उतरून बॉटम ब्रॅकेटपाशी साचतं. तिथे खाली निचऱ्याचं भोक असेल तर ते चिखलाने बुजू देऊ नका. मुसळधार पावसातून आलात की सीटपोस्ट काढून सायकल थोडा वेळ उलटी ठेवा, पण आधी सीटपोस्टच्या उंचीवर टेपची खूण करा. नवी घेतल्यावर दुकानदाराकडून नळ्यांच्या आत जवसाचं उकळलेलं तेल किंवा गंजरोधक मेणाचा स्प्रे मारून घ्या. समुद्रकाठून परतल्यावर गोड्या पाण्याने धुवा. आणि दर मे महिन्यात सीटपोस्टला ग्रीस लावा, कारण ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट स्टीलच्या नळीत एकदा धरला की निघता निघत नाही.

आता तुमचे ४० हजार. सर्ली किंवा कोनासारख्या कंपन्यांच्या नव्या क्रोमोली टूरिंग सायकली या रकमेच्या बऱ्याच वर जातात. म्हणून आधी वापरलेली क्रोमोली शोधा, त्यात १० हजार बाजूला ठेवा, नवे टायर, चेन, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) आणि कॅरिअरसाठी. दोन-तीन महिन्यांत मनासारखी मिळाली नाही तर थांबत बसू नका: ॲल्युमिनियम फ्रेम, स्टीलचा ताठ फोर्क, कॅरिअरची भोकं, ३८ चा टायर आणि २५ च्या आतला गिअर अशी हायब्रिड घ्या. हाय-टेन सस्पेन्शनवाल्यापेक्षा ती हलकी असेल, घाटात चढेल आणि ऑफिसला रोज काढावीशी वाटेल.

माप मात्र दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नका. किमान वीस मिनिटं चालवून बघा, हातांवर भार येतो का आणि मान अवघडते का ते पाहा. शक्य झालं तर मागे भरलेली बॅग अडकवून टाच लागते का तेही तपासा. तुमची उंची आणि अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर खाली कळवलंत, तर फ्रेमचं कुठलं माप बघायचं ते नेमकं सांगतो.