विषाणू येतो कशावर बसून? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पावसाळा लागला की माझ्याकडे येणारे प्रश्न दुप्पट होतात. यंदा त्यात टोमॅटो आहे, गाय आहे, सुनेचे बाळंतपण आहे आणि एक मांजरही आहे. जवळजवळ प्रत्येकाने विचारले आहे, ‘हा व्हायरस किती डेंजर?’ तीस-पस्तीस वर्षे प्रयोगशाळेत काढल्यामुळे असेल, पण मला आधी दुसराच प्रश्न पडतो: हा येतो कशावर बसून? म्हणून उत्तरांत तेच पुन्हा पुन्हा येईल, सांभाळून घ्या.

आमच्या टोमॅटोवर व्हायरस आलाय. फळावर पिवळे-हिरवे पट्टे, आत काळपट. 2020 मध्ये ‘तिरंगा व्हायरस’ म्हणून बोंब झाली तेव्हा व्यापाऱ्याने मालाला हात लावला नव्हता. असा टोमॅटो खाल्ला तर माणसाला काही होते का? आणि फवारायचे काय?
— टोमॅटो उत्पादक, नारायणगाव

माणसाला काही होत नाही. 2020 ची ती बातमी मला चांगली आठवते. इकडे करोना, तिकडे टोमॅटोवर ‘व्हायरस’. शब्द एकच, त्यामुळे लोकांनी दोन्हींची सांगड घातली आणि भाव पाडला तो तुमचा. बंगळूरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने नमुने तपासले, त्यात प्रामुख्याने काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला. त्याला सीएमव्ही म्हणतात. काकडी, मिरची, टोमॅटो, केळी, तणे असे शेकडो यजमान त्याला चालतात. माणूस त्यात नाही.

वनस्पतींचे विषाणू आपण रोज खातो. 2006 मध्ये सिंगापूर आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी निरोगी माणसांच्या विष्ठेत कोणते आरएनए विषाणू आहेत ते पाहिले, तर बहुतेक निघाले वनस्पतींचे. पहिला नंबर ढोबळी आणि तिखट मिरचीवरच्या एका विषाणूचा, ज्याला पीएमएमओव्ही म्हणतात. मिरचीतून, सॉसमधून तो पोटात जातो आणि तसाच बाहेर पडतो, मिरचीच्या रोपाला पुन्हा लागण करण्याइतका ठणठणीत. आता सांडपाण्यात करोनासारखे विषाणू मोजताना, पाण्यात मैला नेमका किती आहे याचे माप म्हणून जगभर हाच मिरचीचा विषाणू वापरतात.

आता फवारणी. विषाणू मारणारे औषध शेतात चालेल असे कोणतेही नाही. दुकानदार बाटली काढून देत असेल तर पैसे खिशातच ठेवा. सीएमव्ही येतो मावा नावाच्या बारीक किडीवर बसून. मावा रोगट पानात सोंड खुपसतो, काही सेकंदांत विषाणू सोंडेला चिकटतो, आणि पुढच्या झाडाची नुसती चव घेतली तरी तिथे उतरतो. तुमचे कीटकनाशक त्याला मारेपर्यंत काम झालेले असते. पर्णगुच्छ, म्हणजे पाने आखडण्याचा रोग, आणणाऱ्या पांढऱ्या माशीचे तसे नाही. तिच्या अंगात विषाणू भिनायला काही तास जातात, म्हणून तिथे वेळेवर केलेली फवारणी थोडीफार उपयोगी पडते. खरी लढाई रोपवाटिकेत असते. रोपे बारीक जाळीखाली वाढवा, कडेने मक्याच्या दोन-तीन ओळी लावा, चंदेरी मल्चिंग पेपर वापरा आणि पहिले रोगट झाड दिसताच उपटून पुरा. बांधावर टाकू नका.

एक गोष्ट कोणी विचारत नाही म्हणून सांगते. टोमॅटोचे काही विषाणू किड्याविना, नुसत्या हाताने पसरतात. तंबाखूच्या मोझॅकचा विषाणू वाळलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो. तंबाखू मळून त्याच हाताने रोपे बांधणारा गडी दिवसभरात किती रोपांना हात लावतो, मोजा. साबणाने हात धुवायला लावा. ‘विषाणू’ या वस्तूचा शोधच मुळी या तंबाखूच्या पानातून लागला: 1892 मध्ये रशियन शास्त्रज्ञ इव्हानोव्हस्की, 1898 मध्ये डच शास्त्रज्ञ बाइजेरिंक. त्याच वर्षी जनावरांच्या लाळ्या-खुरकुताचा नंबर लागला. माणसाच्या रोगाचा पहिला विषाणू, पिवळ्या तापाचा, 1901 मध्ये कळला.

डेंगीत पपईच्या पानांचा रस द्यावा का? आणि लस कधी येणार?
— कर्वेनगर

काही छोट्या चाचण्यांत प्लेटलेट्स थोड्या लवकर वाढल्या, हे खरे. पण डेंगीत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपल्यामुळे, आणि रसाने ते थांबल्याचा पुरावा नाही. ताप उतरला की नातेवाईक सुटकेचा श्वास सोडतात. नेमके तेच दोन दिवस जपायचे असतात. पोटात सतत दुखणे, उलट्या, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे यातले काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठा. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको. रस देणारच असाल तर निदान त्यासाठी सलाइन टाळू नका.

लसीबाबत: ‘डेंगीऑल’ या एका डोसच्या भारतीय लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट 2024 मध्ये सुरू झाली, दहा हजारांहून जास्त स्वयंसेवकांवर, आणि प्रत्येकावर दोन वर्षे लक्ष ठेवायचे आहे. डेंगीचे चार प्रकार आहेत. एकाविरुद्ध अर्धवट प्रतिकारशक्ती आली तर दुसऱ्याचा आजार उलट बळावू शकतो, म्हणून इथे घाई परवडत नाही.

सून चार महिन्यांची गरोदर आहे. 2024 मध्ये एरंडवण्यात झिका निघाला होता, आम्ही शेजारीच राहतो. तिची तपासणी करून घ्यावी का?
— कोथरूड

ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल यांपैकी काही नसेल आणि घरात किंवा शेजारी रुग्ण नसेल, तर स्वतःहून तपासणीच्या मागे लागू नका. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा आणि ठरलेली सोनोग्राफी चुकवू नका. लक्षणे दिसली तर मात्र पहिल्याच आठवड्यात रक्त आणि लघवी दोन्हींचा नमुना द्या. झिका हा मुळात युगांडातल्या एका जंगलाच्या नावाचा विषाणू, 1947 मध्ये माकडात सापडला. आपल्या राज्यात तो पहिल्यांदा 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात निघाला. लागण झालेल्या दहांतल्या आठांना कळतही नाही. घोर आहे तो पोटातल्या बाळाच्या मेंदूचा. आणखी एक, जे घरात मोठ्याने बोलले जात नाही: झिका शरीरसंबंधातूनही पसरतो. तुमच्या मुलाला ताप येऊन गेला असेल किंवा तो साथीच्या भागात जाऊन आला असेल, तर बाळंतपणापर्यंत निरोध वापरावा. हे सासूने सांगायचे नसेल तर हे उत्तर फ्रीजवर चिकटवा.

फ्रीजवरून आठवले, त्याच्या मागचा पाण्याचा ट्रे काढून पाहा. झिका आणि डेंगी दोन्ही येतात एडिस डासावर बसून; तो दिवसा चावतो आणि घरातच वाढतो. बादलीच्या आतल्या कडेला, पाण्याच्या पातळीच्या जरा वर, मिरपुडीसारखी काळी बारीक रांग दिसली तर ती त्याची अंडी. नुसते पाणी ओतून दिले की आपल्याला वाटते काम झाले. ती अंडी कोरडी पडूनही काही महिने टिकतात आणि पाणी आले की उबतात. काथ्याने घासून काढा. कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरची ताडपत्री, बंद पडलेला कूलर, सगळे.

2022 मध्ये चिनी संशोधकांनी दाखवले की झिका किंवा डेंगी झालेल्या उंदरांच्या अंगाला अ‍ॅसिटोफेनोन नावाच्या पदार्थाचा वास जास्त येतो आणि त्या वासाकडे डास ओढले जातात. डेंगीच्या रुग्णांच्या त्वचेवरही हा पदार्थ जास्त सापडला. म्हणजे तापाच्या रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, स्वतःसाठी नाही तर घरातल्या बाकीच्यांसाठी.

जानेवारी 2025 मध्ये आमच्या भागात जीबीएसचे रुग्ण निघाले. तो व्हायरस परत आला तर?
— धायरी

जीबीएस, म्हणजे गुलेन-बारी सिंड्रोम, हा व्हायरस नाही आणि एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. आपलीच प्रतिकारशक्ती चुकून आपल्या मज्जातंतूंवर उलटते, त्याचे हे नाव. त्या वेळी किरकटवाडी, नांदोशी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात बरेच रुग्ण निघाले आणि सगळ्या पुणे परिसरातला संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. काही रुग्णांच्या विष्ठेत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. या जिवाणूच्या आवरणातली काही साखर आपल्या मज्जातंतूंवरच्या साखरेसारखी दिसते; त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) मग घरच्यांवरच धावून जातात.

हे सगळे येते पाण्यावर आणि कच्च्या-अर्धकच्च्या मांसावर बसून. पाणी उकळा, चिकन पूर्ण शिजवा, कच्चे चिकन कापलेल्या सुरीने कोशिंबीर चिरू नका. नोरोव्हायरसला सॅनिटायझर फारसा जुमानत नाही. साबण आणि वाहते पाणीच लागते. जुलाबानंतर आठ-पंधरा दिवसांत पायांत मुंग्या, जिना चढताना पाय लटपटणे असे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

सोसायटीच्या वडावर शेकडो वटवाघळे आहेत. निपाहच्या भीतीने काही सभासद झाड तोडायला सांगत आहेत. सर्वसाधारण सभेत काय सांगू?
— सचिव, औंध

झाड तोडू नका असे सांगा, आणि कारणही सांगा. मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासली, त्यात निपाहविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. म्हणजे विषाणू त्यांच्यात फिरून गेला होता. त्यांच्यामुळे तिथे कोणी आजारी पडल्याचे पुढे आलेले नाही. निपाहचा भाऊबंद असलेल्या हेंड्रा विषाणूवर ऑस्ट्रेलियात पंचवीस वर्षांची माहिती जुळवून 2022 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जंगल तुटले आणि हिवाळ्यातला फुलोरा हुकला, की भुकेली वटवाघळे वस्तीकडे, घोड्यांच्या कुरणांकडे सरकतात आणि जास्त विषाणू सोडतात. ज्या हिवाळ्यात उरलेल्या जंगलात फुलोरा चांगला आला, तेव्हा लागण थांबली. तुम्ही वड तोडलात तर ही शेकडो वटवाघळे जातील कुठे? शेजारच्या सोसायटीत, आणि उपाशी.

झाडाखाली बाक आणि घसरगुंडी असेल तर ती मात्र हलवा. कुरतडलेला पेरू मुलांनी उचलू नये, मेलेले वटवाघूळ उघड्या हाताने धरू नये. बाकी सभेत पार्किंगवर चर्चा होऊ द्या.

लम्पीची लस शेळीच्या देवीची असते म्हणतात, मग गाईला कशी चालते? दूध प्यावे का?
— दूध उत्पादक, दौंड

लम्पी, शेळीची देवी आणि मेंढीची देवी हे तिन्ही विषाणू सख्खे भाऊ. एकाची ओळख पटली की प्रतिकारशक्ती दुसऱ्यालाही बऱ्यापैकी ओळखते, म्हणून 2022 च्या साथीत तीच लस दिली गेली. खास लम्पीसाठी हिसार आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी ‘लम्पी-प्रोव्हॅक-इंड’ तयार केली, तिच्यातला विषाणू 2019 मध्ये रांचीत मिळालेला. फेब्रुवारी 2025 मध्ये आणखी एका लसीला परवाना मिळाला. तिचा फायदा हा, की जनावरातली प्रतिपिंडे लशीची आहेत की खऱ्या रोगाची, हे तपासून सांगता येते.

माणसाला लम्पी होत नाही. दूध उकळून प्या. गाठी फुटल्यावर देतात ती अँटिबायोटिक्स जखमेतल्या जिवाणूंसाठी, लम्पीवर त्यांचा परिणाम नाही. हा रोग येतो चावऱ्या माश्या, डास आणि गोचिडांवर बसून, आणि सुईवरही. त्या वर्षी एका गोठ्यात मी एकाच सुईने अकरा गाई टोचताना पाहिल्या. प्रत्येक गाईला नवी सुई मागा. डॉक्टर रागावले तर रागावू द्या.

मांजराला कच्चे चिकन घालतो. चालेल ना?
— सदाशिव पेठ

नाही. नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेल्याचे जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट झाले, आणि त्याच सुमारास मध्य प्रदेशात छिंदवाड्यात घरातल्या मांजरांमध्ये हाच विषाणू सापडला. फ्रीझरमध्ये ठेवल्याने तो मरत नाही. दोन शिट्ट्या करा, मीठ न घालता. दोन दिवस तोंड फिरवील, तिसऱ्या दिवशी खाईल.