मंडळी जमते, मग ती ‘रचतात’ कशी?

कोल्हापुरातल्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून त्यांच्याकडे चर्चच्या वर्धापनदिनाची पत्रिका आली. वर ठळक अक्षरांत ‘मंडळीचा संस्थापक : प्रभू येशू ख्रिस्त’, आणि खाली ‘मंडळीची स्थापना’ म्हणून गेल्या शतकातलं एक साल. (चर्चमधल्या श्रद्धावंतांच्या समुदायाला ख्रिस्ती लोक ‘मंडळी’ म्हणतात.) ताई विचारतात, संस्थापक दोन हजार वर्षांपूर्वीचा आणि स्थापना परवाची, हे जुळतं कसं? पत्रिकेवर बायबलमधलं वचनही होतं : ‘मी आपली मंडळी रचीन’. त्यावर त्यांची शंका अशी की मंडळी जमते, येते, पांगते. ती रचतात कशी?

शंका अगदी नेमकी आहे. त्या चार शब्दांच्या वचनातच सगळं उत्तर आहे, म्हणून एकेक शब्द घेऊ.

आधी ‘मंडळी’. आपल्या कोल्हापुरात मंडळं गल्लोगल्ली आहेत, तालीम मंडळ, तरुण मंडळ. मंडळ म्हटलं की अध्यक्ष, पावतीपुस्तक, गणपती, फुटबॉलचा संघ. मंडळी म्हटलं की नुसती माणसं : घरची मंडळी, वऱ्हाडी मंडळी, ‘चला मंडळी, पानं वाढलीत’. मराठी बायबलने ‘मंडळ’ न घेता ‘मंडळी’ घेतलं, आणि माझ्या मते फार चांगलं केलं. मूळ ग्रीक शब्द आहे ‘एक्लेसिया’, म्हणजे बोलावून जमलेले लोक. अथेन्समध्ये नागरिकांच्या सभेला हाच शब्द होता. इस्राएल लोकांच्या जमावाला हिब्रूत ‘काहाल’ म्हणत. जुन्या कराराचं, म्हणजे बायबलच्या पहिल्या, हिब्रू भागाचं ग्रीक भाषांतर झालं तेव्हा अनेक ठिकाणी ‘काहाल’साठी ‘एक्लेसिया’च घातला गेला. येशूच्या शिष्यांना हा शब्द कानावरचा होता, तो असा.

प्रवचनात पुष्कळदा सांगतात की ‘एक्लेसिया’ची फोड ‘बाहेर बोलावलेले’ अशी होते, म्हणून मंडळी म्हणजे जगातून बाहेर काढलेले लोक. फोड बरोबर आहे, पण तिच्यावर एवढा भार टाकू नये. ‘मंडळी’च्या मुळाशी मंडल म्हणजे वर्तुळ आहे, म्हणून पंगतीला बसलेली मंडळी गोल बसत नाही. शब्दाचा अर्थ वापरात ठरतो. खुद्द बायबलमध्ये, ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस शहरात गोंधळ घालणाऱ्या जमावालाही ‘एक्लेसिया’च म्हटलं आहे. म्हणजे हा शब्द स्वतः पवित्र नव्हता. त्याला पावित्र्य आलं ते त्याच्या आधी लागलेल्या शब्दामुळे.

तो शब्द ‘आपली’. इथे आजचा वाचक हमखास घसरतो. ‘आपली मंडळी’ म्हटलं की आपल्या कानाला तुमची-आमची, आपल्यातली माणसं असं ऐकू येतं. पण ‘मी आपली मंडळी रचीन’ यात ‘आपली’ म्हणजे स्वतःची. ‘तो आपल्या घरी गेला’ यातला ‘आपल्या’ तसा. ग्रीकमध्ये सरळ ‘माझी’ असं आहे. मंडळीचं मूळ दैवी आहे असं ख्रिस्ती लोक म्हणतात, तेव्हा त्यांचा आधार हा ‘माझी’ असतो. चार माणसांनी एकत्र येऊन घटना लिहिली आणि संस्था उभी राहिली, असं ते मानत नाहीत. बोलावणारा तो, जमवणारा तो, मालकीही त्याची. गंमत म्हणजे ‘चर्च’ हा शब्द अगदी वेगळ्या वाटेने येऊन तिथेच पोचतो. तो ग्रीक ‘किरियाकोन’वरून आला असं मानतात, आणि त्याचा अर्थ ‘प्रभूचं’.

आता ‘रचीन’. येशू हे बोलतो ते मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात, कैसरिया फिलिप्पीच्या परिसरात. यार्देन नदीचा एक उगम तिथे आहे, उंच कातळकड्याच्या पायथ्याशी. ‘तुम्ही मला कोण म्हणता?’ असं तो शिष्यांना विचारतो. शिमोन (ज्याला पुढे पेत्र म्हणतात तो शिष्य) म्हणतो, तू ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र. त्यावर येशू म्हणतो, तू पेत्र आहेस आणि ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन. मराठीत ‘पेत्र’ आणि ‘खडक’ यांचं काही नातं दिसत नाही, म्हणून वाक्य तुटल्यासारखं वाटतं. ग्रीकमध्ये ‘पेत्रोस’ आणि ‘पेत्रा’, आणि येशूच्या बोलीत, अरामीत, दोन्हीकडे ‘केफा’. आपल्याकडे धोंडिबा, दगडू अशी नावं घरोघर होती. त्या चालीवर ऐकून बघा : तू धोंडिबा, आणि ह्या धोंड्यावर मी घर बांधणार. आता वाक्य जागेवर बसतं.

हा धोंडा नेमका कोणता, यावरून मात्र ख्रिस्ती जगात जुना मतभेद आहे. कॅथलिक म्हणतात, खुद्द पेत्र, आणि त्याच्यामागून रोमचे बिशप म्हणजे पोप. प्रॉटेस्टंट बहुधा म्हणतात, पेत्राने दिलेली कबुली, किंवा ज्याच्याविषयी ती दिली तो ख्रिस्त. संत ऑगस्टीनने आधी एक अर्थ सांगितला, पुढे दुसरा, आणि उतारवयात दोन्ही मांडून निवड वाचकावर सोडली. भाषेपुरतं बोलायचं तर ‘केफा’ची कोटी पेत्राकडेच बोट दाखवते, असं मला वाटतं. पण कोटीवरून सगळा सिद्धांत ठरत नाही. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की येशू ख्रिस्ताशिवाय दुसरा पाया कोणी घालू शकत नाही. इफिसच्या लोकांना तो लिहितो, प्रेषित आणि संदेष्टे हा पाया, आणि ख्रिस्त कोनशिला.

या ‘कोनशिले’पाशी थोडं थांबायला हवं, कारण हा शब्द आपल्या डोळ्यांदेखत अर्थ बदलतो आहे. आज कोनशिला म्हणजे समारंभात पडदा ओढून उघडतात ती संगमरवरी पाटी, मान्यवरांची नावं कोरलेली. ती नसली तरी इमारत उभीच राहते. मी लहान असताना आमच्या घराची मागची भिंत पावसाळ्यात ढासळली. गवंडीमामांनी काळ्या दगडांच्या ढिगातून अर्धी सकाळ एकच दगड शोधला, ज्याच्या दोन बाजू काटकोनात घडलेल्या आहेत असा. तो कोपऱ्यात बसवला, गुण्या लावून पाहिला, ओळंबा सोडला, पुन्हा उचलून बसवला. मग त्याच्यापासून दोन्हीकडे दोऱ्या ताणल्या. ‘ह्यो चुकला की समदी भित वाकडी,’ एवढंच म्हणाले. त्यानंतरचा प्रत्येक दगड त्या दोरीला धरून आला. पौलाची कोनशिला ही अशी आहे.

आणि ‘रचणे’ हे क्रियापदही त्यामुळे उलगडतं. ग्रीकमध्ये घर बांधण्याचंच क्रियापद आहे. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात श्रद्धावंतांना ‘जिवंत दगड’ म्हणतो, घर म्हणून रचले जाणारे. मंडळी आपण होऊन जमते, ही ताईंची गोष्ट खरी. पण वचनाचं म्हणणं नेमकं हेच आहे की ही मंडळी आपण होऊन जमलेली नाही. हात रचणाऱ्याचा आहे. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणाला, तीन हजार माणसं बाप्तिस्मा घेऊन आली, त्या दिवसाला पुष्कळ ख्रिस्ती लोक मंडळीचा जन्मदिवस मानतात. तिथेही, प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी, म्हटलं आहे की माणसांची दररोज भर घालत होता तो प्रभू.

मग पत्रिकेतलं साल? पौलाच्या पत्राचा मायना बघा : ‘करिंथ येथील देवाची मंडळी’. मंडळी देवाची, पत्ता करिंथचा. कोल्हापुरातलंच उदाहरण घ्या : अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर १८५२ साली इथे आले. त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च आजही शहरात आहे. पण त्यांनी मंडळी ‘निर्माण केली’ असं कुणी श्रद्धावंत म्हणणार नाही. त्यांच्यामार्फत इथे लावली गेली, असं म्हणेल. पत्रिकेतलं साल या पत्त्याचं आहे आणि संस्थापकाचं नाव मूळ मंडळीचं. दोन्ही ओळी बरोबर आहेत. ‘कोल्हापूर येथील मंडळीची स्थापना’ असं छापलं असतं, तर ताईंना प्रश्न पडला नसता.

जाता जाता व्याकरणाचं एक. बायबल मंडळीला ‘ती’ म्हणतं, एकवचनी : ‘तिच्यापुढे’ अधोलोकाच्या द्वारांचं काही चालणार नाही. म्हणून ख्रिस्ती लेखनात ‘मंडळीला’, ‘मंडळीने’, अनुस्वार नाही. पाहुण्यांबद्दल लिहिताना ‘मंडळींना’, ‘मंडळींनी’, अनुस्वार हवा. ताईंनी पाठवलेल्या फोटोत शेवटची ओळ आहे ‘मंडळींतर्फे सस्नेह निमंत्रण’. इथे निमंत्रण चर्चचं आहे, तेव्हा तो ठिपका काढावा : ‘मंडळीतर्फे’.