‘एस’ या अक्षराला सममिती अक्ष का नसतो?

आपला प्रश्न असा आहे की, इंग्रजीतील मोठा ‘एस’ डोळ्यांना इतका समतोल दिसत असताना त्याला एकही सममिती अक्ष नाही असे का सांगतात, आणि देवनागरी अक्षरांचे काय.

लहानपणी मीही ‘एस’ला बिनदिक्कत उभा अक्ष काढून मोकळा झालो होतो, तेव्हा ही चूक मला परकी नाही. सममिती अक्ष म्हणजे अशी रेषा, जिच्यावर घडी घातली असता आकृतीचा एक भाग दुसऱ्यावर तंतोतंत बसतो. पातळ कागदावर ‘एस’ काढून मधोमध उभी घडी घाला आणि कागद उजेडासमोर धरा. डावीकडची वरची गोलाई उजवीकडच्या मोकळ्या जागेवर जाऊन पडलेली दिसेल. आडवी घडी घातली तरी तीच गत होते.

मग समतोल भासतो तो कशामुळे? कागद १८० अंशांतून फिरवला की ‘एस’ पुन्हा ‘एस’च दिसतो. ही घूर्णन सममिती. तिला अक्षाची रेषा लागत नाही, फक्त मधला बिंदू लागतो. गंमत अशी की, उभ्या रेषेत परावर्तन केले तर उलटा ‘एस’ मिळतो, आडव्या रेषेत केले तरी नेमका तोच उलटा ‘एस’ मिळतो, आणि म्हणून दोन्ही परावर्तने एकापाठोपाठ केली की मूळ अक्षर परत येते. ‘एन’ आणि ‘झेड’ यांचीही हीच कथा आहे. (‘एन’ आरशात पाहिला तर रशियन लिपीतील ‘इ’ दिसतो.)

बाकी अक्षरांत फारसे अवघड काही नाही. ए, एम, टी, यू, व्ही, डब्ल्यू, वाय यांना उभा अक्ष. बी, सी, डी, ई, के यांना आडवा. एच, आय, ओ, एक्स यांना दोन्ही. एफ, जी, जे, एल, पी, क्यू, आर यांना एकही नाही. ‘मॅथ’ या इंग्रजी शब्दाची चारही अक्षरे उभ्या अक्षाची असल्याने तो शब्द अक्षराखाली अक्षर असा लिहून बाजूला आरसा धरला, तर प्रतिबिंबातही जसाच्या तसा वाचता येतो.

मात्र ही यादी साध्या, एकसारख्या जाडीच्या अक्षरांपुरतीच खरी आहे. पुस्तकी छपाईच्या अनेक टंकांत ‘ए’चा डावा पाय बारीक आणि उजवा जाड असतो, म्हणजे अक्ष गेलाच. उलट ‘ओ’ अचूक वर्तुळ असेल तर अक्ष अगणित, लंबवर्तुळ असेल तर दोनच; ‘एक्स’च्या रेघा समान लांबीच्या आणि काटकोनात छेदणाऱ्या असतील तर चार; आणि ‘एल’च्या दोन्ही भुजा समान काढल्या तर त्यालाही कोपऱ्यातून जाणारा एक तिरपा अक्ष मिळतो. अक्ष अक्षराला नसतो, काढलेल्या आकृतीला असतो, त्यामुळे प्रश्नासोबत आकृती दिली नसेल तर तो प्रश्नच मला अपुरा वाटतो.

देवनागरीत शिरोरेषा धरली तर आडवा अक्ष मिळणे जवळजवळ अशक्यच, कारण वरच्या रेघेला जोड देणारी रेघ खाली नसते. उभ्या अक्षाच्या आड बहुधा उजवीकडचा दंड येतो: प, म, त, घ, स ही अक्षरे तिथेच बाद होतात. ‘क’चा दंड मधोमध असला तरी डावीकडे बंद गाठ आणि उजवीकडे उघडे वळण आहे. नीट काढलेला ‘ठ’ मात्र शिरोरेषेसकट उभ्या अक्षावर बसतो. ‘ळ’विषयी मत द्यायचे तर समोरचा टंक पाहूनच द्यावे लागेल.