वीस मिनिटांच्या पाठासाठी मार्गदर्शक बाईंची मदत कशी घ्यावी

आपला प्रश्न मी असा समजले आहे. पुण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आपण नव्याने रुजू झाला आहात आणि पुढच्या महिन्यात सहकाऱ्यांसमोर पाचवीच्या वर्गावर परिमिती व क्षेत्रफळ या घटकाचा वीस मिनिटांचा पाठ घ्यायचा आहे. शाळेने एका ज्येष्ठ बाईंना आपल्या मार्गदर्शक म्हणून नेमले आहे. त्या आपुलकीने वागतात, पण सरावाचा पाठ पाहून झाल्यावर "छान झाला, फळ्यावरचं अक्षर जरा मोठं काढा" यापलीकडे काही सांगत नाहीत. मी स्वतः बरीच वर्षे शिकवते आहे आणि नव्या शिक्षकांचे पाठही नियमितपणे पाहते. त्या अनुभवावरून माझे मत असे की बाईंचा वेळ पाठानंतर मागण्यापेक्षा पाठाआधी मागावा.

पाठ झाल्यावर, तोही सहकाऱ्यांच्या देखत, कोणतीही सुसंस्कृत ज्येष्ठ शिक्षिका नव्या बाईंना "छान झाला" असेच म्हणणार. त्यात त्यांची अनास्था नसते. पाठात नेमके काय साधायचे ठरले होते हे त्यांना माहीत नसेल, तर अक्षर, आवाज आणि वर्गातील शिस्त यांखेरीज बोलण्यासारखे त्यांच्या हाती काही उरत नाही.

म्हणून पाठाचे टाचण पूर्ण होण्याची वाट न पाहता, ते अर्धेकच्चे असतानाच बाईंकडे घेऊन जावे. सुवाच्य, पक्क्या शाईतले टाचण समोर आले की त्यात खाडाखोड करायला पाहणाऱ्याचा हात धजावत नाही. त्या बैठकीत प्रथम एकच गोष्ट ठरवावी: विसावे मिनिट संपेल तेव्हा मुलाला असे काय करता आले पाहिजे, जे त्याला आधी करता येत नव्हते? "विद्यार्थ्यांना परिमितीचे आकलन होते" हे बी.एड.च्या साच्यातले वाक्य येथे उपयोगी पडत नाही, कारण आकलन झाले की नाही हे मागच्या बाकावर बसून कोणालाही दिसत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: २४ घरांच्या बाजूंइतक्या परिमितीचे निदान दोन वेगवेगळे आयत मूल चौकटीच्या वहीत काढते आणि त्यांचे क्षेत्रफळ सारखे नाही हे स्वतः घरे मोजून सांगते. या एका कृतीत पुष्कळ गणित आहे. ११ आणि १ घरांच्या आयताचे क्षेत्रफळ ११ चौरस घरे, १० आणि २ चे २०, ९ आणि ३ चे २७, ८ आणि ४ चे ३२, ७ आणि ५ चे ३५, तर ६ आणि ६ चे ३६ येते. परिमिती सारखी असली की क्षेत्रफळही सारखेच असणार, हा मुलांचा पक्का समज येथे त्यांच्या स्वतःच्याच वहीत मोडतो. एवढे ठरले की व्याख्या, सूत्रे, कुंपणाची आणि फरशीची उदाहरणे पुढच्या तासिकेसाठी ठेवता येतात. वीस मिनिटांत ती बसतही नाहीत.

त्यानंतर बाईंना विचारावे, "मुलं नेमकी कुठे अडखळतील?" वर्षानुवर्षे वह्या तपासलेल्या व्यक्तीकडे या प्रश्नाचे जे उत्तर असते, ते कोणत्याही शिक्षक-हस्तपुस्तिकेत सहसा सापडत नाही. उदाहरणार्थ, अनेक मुले परिमिती मोजताना कडेच्या रेघा मोजण्याऐवजी कडेने असलेली घरे मोजतात. कोपऱ्यातल्या घराच्या दोन बाजू कडेला येतात, पण ते घर एकदाच मोजले जाते, आणि ६ बाय ६ च्या चौरसाची परिमिती २४ ऐवजी २० भरते. हे आधी माहीत असेल तर फळ्यावरचा पहिला आयत काढताना कोपऱ्यापाशी थांबून बोट घराच्या आत न ठेवता रेघेवरून फिरवता येते. माझ्या मते मार्गदर्शकाचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे, आणि नेमका तोच बहुतेक जण करून घेत नाहीत.

पाठ चालू असताना बाईंनी काय पाहायचे, हेही आधीच ठरवावे आणि ते एकच असावे. त्यांना एका रांगेतील चार मुलांजवळ बसण्याची विनंती करावी आणि त्या मुलांनी प्रथम काय मोजले, कुठे खोडले, शेजाऱ्याला काय विचारले, एवढेच टिपायला सांगावे. दुसरा पर्याय म्हणजे प्रश्न विचारल्यानंतर आपण किती थांबतो हे मोबाइलवर मोजणे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात असे नोंदवले होते, आणि तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर मुलांची उत्तरे लांबतात व अधिक मुले बोलू लागतात असे तिला आढळले. पाठानंतरच्या चर्चेत "कसा झाला?" हा प्रश्न टाळून थेट टिपणापासूनच सुरुवात करावी. बाई अभिप्रायाकडे वळल्याच, तर "त्या चौघांपैकी दुसरा आयत कोणाकोणाला जमला?" असे विचारून त्यांना नम्रपणे वहीकडे परत आणावे.

बी.एड.ला आपण सूक्ष्म अध्यापन, म्हणजे काही मिनिटांचा छोटा पाठ घेऊन एकेका कौशल्याचा सराव, केलेच असेल. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन व सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या या पद्धतीचे आपल्याकडे रूढ झालेले चक्र ३६ मिनिटांचे आहे: अध्यापन ६, प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय) ६, पुनर्नियोजन १२, पुनरध्यापन ६ आणि पुन्हा प्रत्याभरण ६. यात सर्वांत जास्त वेळ पुनर्नियोजनाला दिला आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. शाळेत मात्र हा भाग आणि त्यानंतरचे पुनरध्यापन दोन्ही गळतात. पाचवीच्या दोन तुकड्या असतील तर सरावाचा पाठ एका तुकडीवर घ्यावा, बाईंबरोबर बसून त्यातला एखादाच भाग बदलावा आणि शक्यतो दुसऱ्याच दिवशी तो पाठ दुसऱ्या तुकडीवर घ्यावा. एका वेळी चार गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला हे कळत नाही. आपली शाळा दोन सत्रांत भरत असेल, तर सकाळचे सत्र सुटून दुपारचे भरेपर्यंतचा वेळ या बैठकीला सोयीचा पडतो. शिक्षक-कक्षात इतरांसमोर बोलण्यापेक्षा रिकाम्या वर्गात बसावे.

बाईंची प्रत्येक सूचना स्वीकारलीच पाहिजे असे नाही. त्यांनी सूत्र आधी सांगायला सुचवले आणि आपल्याला घरे मोजण्यापासून सुरुवात करायची असेल, तर कारण सांगून तसे म्हणावे. आदर राखून मांडलेला मतभेद ज्येष्ठांना खुपत नाही. मात्र त्यांची टिपणे मुख्याध्यापकांच्या मूल्यमापनात किंवा गोपनीय अहवालात जाणार नाहीत, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करून घ्यावे. तशी खात्री नसेल तर आपण फक्त जमणारेच दाखवाल आणि त्याही फक्त चांगले तेवढेच लिहितील. शिवाय त्यांच्या पाचवीच्या किंवा सहावीच्या गणिताच्या एखाद्या तासाला मागे बसण्याची परवानगी मागावी, आणि त्यांनीही आपल्याला काय टिपायचे ते आधी सांगावे अशी विनंती करावी.