'सोलफ्लाय'चा पहिला अल्बम: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मॅक्स कॅव्हालेराच्या 'सोलफ्लाय' बँडचा 1998चा हा अल्बम परत ऐकला. त्याच्या आधीच्या मेटल बँडच्या, सेपल्चुराच्या 'रूट्स' या अल्बमचाच पुढचा भाग वाटतो. तुमचं मत?

उत्तर: साम्य आहेच. मॅक्स कॅव्हालेराचा आवाज तोच, निर्माता रॉस रॉबिन्सन तोच, मालिबूचा इंडिगो रँच स्टुडिओही तोच. पण मधल्या काळात मॅक्सचं आयुष्य उलटंपालटं झालं होतं. ऑगस्ट 1996मध्ये सावत्र मुलगा डेना वेल्स गेला. वर्ष संपताना सख्ख्या भावाबरोबर उभा केलेला सेपल्चुरा हा बँडही सुटला. 'रूट्स'साठी तो ब्राझीलमधल्या शावांते आदिवासींपर्यंत गेला होता, त्यात शोधाचा आनंद आहे. इथे शोक आहे. अल्बम डेनालाच अर्पण केलाय. 'ब्लीड' या गाण्यातला संताप त्याच्याच मृत्यूचा, हे कळल्यावर गाणं वेगळंच ऐकू येतं.

प्रश्न: त्यातले ढोल मेटलवर वरून चिकटवलेले नाहीत का?

उत्तर: नाही, आणि हे मी ठामपणे सांगेन. ब्राझीलच्या रेसिफे शहरातल्या 'नासांव झुंबी' या बँडचे तालवादक इथे वाजवतात, त्यांचा लुसिओ माया जॅक्सन बांदेइरा या नावाने गिटारवर आहे. ही माणसं मरकातू या तिथल्या पारंपरिक ढोलवादनाच्या मिरवणुकांतले जड ढोल आणि रॉक एकत्र ऐकतच घडली. दुसरं म्हणजे, मॅक्स गिटारच्या बारीक दोन तारा काढून चारच ठेवतो. त्यामुळे त्याची गिटारही सूर रंगवण्यापेक्षा ताल ठोकते, आणि रॉय मायोर्गाच्या ड्रम्सशी जाऊन भिडते. मोबाइलच्या स्पीकरवर हा खालचा थर गायबच होतो. कृपा करून चांगले हेडफोन लावा.

प्रश्न: अल्बममधल्या 'क्विलोम्बो' या गाण्याच्या नावाचा अर्थ काय?

उत्तर: ब्राझीलमध्ये मालकांच्या तावडीतून पळालेल्या गुलामांनी वसवलेली वस्ती. पाल्मारेस ही त्यांतली सर्वांत मोठी. तिचा नेता झुंबी 20 नोव्हेंबर 1695 रोजी मारला गेला. ब्राझीलमध्ये त्याच दिवशी कृष्णवर्णीय जाणीव दिन पाळतात. रेसिफेच्या त्या बँडच्या नावातला झुंबीही हाच.

प्रश्न: अल्बममधलं 'उंबाबराउमा' फुटबॉलचं गाणं आहे?

उत्तर: हो. मूळ ब्राझीलचा गायक जॉर्जी बेनचं, 1976चं, एका आफ्रिकी स्ट्रायकरवरचं.

प्रश्न: आज कुठला भाग जुनाट वाटतो?

उत्तर: 'ब्लीड'मधले पाहुणे, लिंप बिझकिट बँडचे फ्रेड डर्स्ट आणि डीजे लीथल: एकाचं रॅप, दुसऱ्याचं स्क्रॅचिंग, म्हणजे रेकॉर्ड मागेपुढे घासून काढलेले आवाज. ते 1998मध्येच अडकलंय. पाहुणे कमी असते तर अल्बम आणखी घट्ट झाला असता. 'ट्राइब' हे गाणं मात्र तेव्हाइतकंच अंगावर येतं. नव्याने ऐकणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी, 'ब्लीड' त्यानंतर ऐकावं.